साडेबारा मीटरचा ढाळ

एका गावाजवळ झरा आहे आणि त्याचं पाणी दुसऱ्या शहरात न्यायचं आहे. सरळ रेषेत अंतर २० किलोमीटर. मध्ये खडकाळ टेकड्या, आणि त्या टेकड्या कापत गेलेली एक नदी. पंप नाही, वीज नाही, दुर्बीण नाही, आजच्या अर्थानं नकाशाही नाही. जमेची बाजू एकच : झरा शहरापेक्षा उंचावर आहे. किती? १२.६ मीटर. म्हणजे जेमतेम चार मजले.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात दक्षिण फ्रान्समध्ये रोमन स्थापत्यकारांनी हे कोडं सोडवलं. टेकड्यांना वळसे घालत त्यांनी २० किलोमीटरची वाट ५० किलोमीटरची केली. हाताशी असलेला तुटपुंजा उतार त्या सगळ्या वाटेवर चिमटीचिमटीनं वाटला आणि पाणी शहरात पोचवलं. ते पुढे कित्येक शतकं वाहत राहिलं. या कालव्याचा एक तुकडा, गार्दों नदीवरचा तीन मजली दगडी पूल, तुम्ही फोटोत नक्की पाहिला असेल. त्याचं नाव पों द्यु गार. पण पूल हा या कामाचा सर्वांत देखणा भाग आहे, सर्वांत अवघड नव्हे. अवघड काय होतं ते समजायला आधी झऱ्यापाशी जावं लागतं, आणि तिथे मला एका लग्नानं नेलं.

आमंत्रणाचं गाव

लग्नाचं आमंत्रण हे प्रवासाचं फार वेगळं निमित्त आहे. पर्यटक म्हणून निघालो की जागा आपण निवडतो, आणि निवडतो त्या बहुतेक आधी ऐकलेल्याच असतात. आमंत्रणात जागा दुसऱ्यानं ठरवलेली असते. माझ्या मैत्रिणीचा नवरा उझेसचा. दक्षिण फ्रान्समधलं हे गाव, वस्ती साडेआठ हजारांच्या आसपास. मी आपणहून तिथे कधीच गेले नसते. पॅरिसहून वेगवान रेल्वेनं तीनेक तासांत नीम शहर, आणि तिथून पाऊण-एक तास बसनं उझेस. पिवळसर दगडाची घरं, कमानींखाली भरणारा बाजार, आणि फनेस्त्रेल नावाचा ४२ मीटर उंच गोल घंटामनोरा. बाराव्या शतकातला हा मनोरा खिडक्याच खिडक्यांचा आहे. असा गोल मनोरा फ्रान्समध्ये दुसरा नाही.

फ्रान्समध्ये लग्न कायद्यानं लागतं ते एकाच ठिकाणी, नगरपालिकेत. २० सप्टेंबर १७९२ च्या कायद्यानं विवाहाची नोंद चर्चकडून काढून नगरपालिकेकडे दिली गेली, ती आजतागायत तिथेच आहे. चर्च, सिनेगॉग, मशीद, होम, जे काही करायचं ते नंतर. लग्नाची सूचना नगरपालिकेत दहा दिवस लावावी लागते. कुणाची हरकत असेल तर त्यानं तेवढ्या काळात बोलावं.

लग्नाचा हॉल साधाच होता. भिंतीवर राष्ट्राध्यक्षांचा फोटो, कोपऱ्यात प्रजासत्ताकाचं प्रतीक असलेल्या मारियानचा अर्धपुतळा. महापौर खांद्यावरून निळा-पांढरा-लाल पट्टा घेऊन उभे, आणि त्यांच्या समोर मुंडावळ्या बांधलेली आमची नवरी. दार सताड उघडं. मी ते ओढून घ्यायला गेले तर नवऱ्या मुलाच्या मावशीनं हात धरून थांबवलं. लग्न लागत असताना हॉलचं दार उघडं असलं पाहिजे, समारंभ सार्वजनिक असला पाहिजे, असा तिथला नियम. मग महापौरांनी नागरी संहितेतली ठरलेली कलमं वाचून दाखवली : दोघांनी एकमेकांचा मान राखायचा, एकनिष्ठ राहायचं, अडीअडचणीला मदत करायची, संसाराचा खर्च ऐपतीप्रमाणे वाटून घ्यायचा, मुलांचं पालनपोषण मिळून करायचं. कायद्याची भाषा, पण ऐकताना सप्तपदीच्या जवळची वाटली. होकार, सह्या, आणि शेवटी कुटुंबाची एक छोटी नोंदवही दोघांच्या हातात. मुलं झाली की त्यांची नावंही त्यातच लिहायची.

बाहेर आल्यावर मागच्या बागेत शाल धरून अंतरपाट झाला. मंगलाष्टकं आमच्याकडच्या चार जणींनी म्हटली, अक्षता म्हणून तिथलाच तांदूळ. संध्याकाळी जेवणाच्या शेवटी क्रोकांबुश आला : क्रीम भरलेले छोटे गोळे साखरेच्या पाकानं एकावर एक चिकटवून केलेला उंच सुळका. नवरीचे वडील, आमचे काका, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी त्या सुळक्याकडे बघून पहिला प्रश्न विचारला, तो चवीबद्दल नव्हता. “हे उभं कसं राहिलंय?”

दुसऱ्या दिवशी पाहुणे दमून झोपले होते. काका म्हणाले, “इथे खाली कुठेतरी झरा आहे म्हणतात. रोमन लोकांनी पाणी उचललं तो. येतेस का?”

झरा, आणि दर चार मीटरला एक मिलिमीटर

झरा गावाच्या पायथ्याशी, आल्झों नावाच्या ओढ्याच्या दरीत आहे. बाजारचौकातून उतरायला फार वेळ लागत नाही. वर डांबरी रस्ता आणि गाड्या, खाली गर्द झाडी आणि खडकातून निघणारं नितळ पाणी. जवळच रोमन हौदाचे अवशेष आहेत. कालव्यात किती पाणी सोडायचं आणि जास्तीचं किती ओढ्यात परत टाकायचं, हे या हौदात ठरायचं. काकांनी चष्मा पुसला आणि ते दगड वाकून बघायला लागले.

आता गणित. १२.६ मीटर उतार ५० किलोमीटरवर वाटला तर एका किलोमीटरला पंचवीस सेंटिमीटर येतात. म्हणजे चार मीटर चाललो तर पाणी एक मिलिमीटर खाली उतरलेलं असतं. आपल्या न्हाणीघरात पाणी जाळीकडे जावं म्हणून गवंडी लादीला ढाळ देतो, तो मीटरमागे साधारण एक सेंटिमीटर असतो. रोमन कालव्याचा ढाळ त्याच्या चाळिसाव्या हिश्श्याइतका. न्हाणीघरातही कोपऱ्यात पाणी साचलेलं आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे. इथे ५० किलोमीटरमध्ये कुठे साचून चालणार नव्हतं.

“ढाळ एवढा कमी असतो, त्यात नवल नाही,” काका म्हणाले. “आमच्या कालव्यांनाही चार हजाराला एक असा ढाळ असतो. पण आमच्याकडे डंपी लेव्हल होती.” डंपी लेव्हल म्हणजे तिवईवर बसवलेली दुर्बीण, तिच्यात हवेच्या बुडबुड्याची पातळी. रोमनांकडे काच होती, भिंगाची दुर्बीण नव्हती. मग त्यांनी काय वापरलं?

व्हिट्रुव्हियस हा रोमन स्थापत्यलेखक एका उपकरणाचं सविस्तर वर्णन करतो. त्याला खोरोबातेस म्हणत. वीस रोमन फूट लांब, म्हणजे सुमारे सहा मीटरचं, पाय असलेलं लाकडी बाकच ते. दोन्ही टोकांना ओळंबे लोंबतात आणि पायांवरच्या तिरप्या दांड्यांवर खुणा केलेल्या असतात. ओळंब्याची दोरी खुणेवर आली की बाक सपाट. वारा असला तर ओळंबे हलतात, म्हणून बाकाच्या वरच्या फळीत पाच फूट लांबीची खाच. तिच्यात पाणी भरायचं आणि पाणी काठाला सगळीकडे सारखं लागतं का ते बघायचं. या कालव्यावर नेमकं हेच बाक वापरलं याचा पुरावा नाही, पण पाण्याची पातळी काढायला सर्वांत भरवशाचं साधन म्हणून व्हिट्रुव्हियस याचंच नाव घेतो.

आता समजा, हे सहा मीटरचं बाक एकापुढे एक ठेवत ५० किलोमीटर जायचं. आठ हजारांहून जास्त वेळा ते मांडावं लागेल. प्रत्येक वेळी फक्त दीड मिलिमीटरची चूक एकाच बाजूला झाली, तर शेवटी चुकीची बेरीज साडेबारा मीटर होते. म्हणजे हातातला सगळा उतार संपला, पाणी शहरात पोचणारच नाही. हे गणित ओढ्याकाठी बसून काकांनी काडीनं मातीत मांडून दाखवलं, आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला. तोवर मी पूल पाहिलाही नव्हता.

जमिनीखालून जाणारी नदी

कालव्याचा बहुतेक भाग दिसतच नाही. चर खणायचा, त्यात दगडी भिंती उभ्या करायच्या, वर कमानदार छत घालायचं आणि माती लोटून द्यायची. आतली नळी सुमारे १.२ मीटर रुंद आणि १.८ मीटर उंच. एवढ्या उंचीत माणूस शिरून साफसफाई करू शकतो. छतामुळे ऊन लागत नाही, पाणी थंड राहतं, शेवाळ धरत नाही आणि पालापाचोळा पडत नाही.

आतून गिलावा चुना आणि कुटलेल्या भाजक्या कौलांचा. आपल्या जुन्या वाड्यांचं बांधकाम माहीत असलेल्यांना ही कृती ओळखीची वाटेल, कारण हीच आपली सुरखी. भाजलेल्या मातीची पूड चुन्यात मिसळली की तो पाण्यातही घट्ट होतो. त्यावरून आणखी एक लेप दिला जाई : विरवलेला चुना, डुकराची चरबी आणि कच्च्या अंजिरांचा चीक. ऐकायला स्वयंपाकघरातलं वाटतं, पण काम जलरोधक रंगाचं.

मध्येच टेकडी आली तर बोगदा, घळ आली तर छोटा पूल. ढाळही सगळीकडे सारखा नाही, आणि त्यात खरी हुशारी आहे. गार्दोंची दरी ओलांडायला पूल तर लागणारच होता. मग पुलाच्या आधीच्या भागात ढाळ थोडा जास्त दिला आणि पुढच्या भागात कमी केला. त्यामुळे पाणी पुलापाशी येईतो जरा खाली आलेलं असतं आणि पूल काही मीटर कमी उंचीचा चालतो. ढाळातली ही उधळपट्टी पुढच्या वाटेवर कमालीच्या काटकसरीनं भरून काढावी लागते. दरीच्या तळापासून मोजायचं, तर दगडाचा प्रत्येक मीटर वाचवणं म्हणजे शेकडो टन वाचवणं. एवढं करूनही पूल जवळजवळ ४९ मीटर उंच झालाच. आज उभ्या असलेल्या रोमन कालवापुलांत याच्याएवढा उंच दुसरा नाही.

पूल जवळून

उझेसपासून पूल पंधराएक किलोमीटरवर आहे. आम्ही गेलो तेव्हा खाली नदीत मुलं पोहत होती आणि कयाकमधली माणसं कमानीखालून वल्ही मारत जात होती. सगळ्यांत खाली सहा मोठ्या कमानी, त्यावर अकरा, आणि सगळ्यांत वर छोट्या कमानींची ओळ. ही ओळ मुळात ४७ कमानींची होती, आज ३५ उरल्या आहेत. पाणी वाहायचं ते या वरच्या ओळीच्या माथ्यावरून. नदीच्या मुख्य पात्रावरची कमान साडेचोवीस मीटर रुंद आहे. पूल ओलांडताना पाणी किती खाली उतरत होतं? फक्त अडीच सेंटिमीटर.

खालच्या दोन मजल्यांत दगड एकमेकांना चिकटवायला चुना वापरलेला नाही. चिरे इतके नेमके घडवलेले की आपल्याच वजनानं ते एकमेकांना दाबून धरतात. कमानीचं तत्त्वच ते : वरचं वजन जितकं जास्त, तितके दगड एकमेकांवर घट्ट बसतात. काही चिरे सहा टनांपर्यंतचे. खाण मात्र नदीकाठीच, सहा-सातशे मीटरवर. चिरे वर चढवायला मोठं लाकडी चाक, आणि त्या चाकाच्या आत माणसं चालायची. त्यांच्या पावलांनी चाक फिरायचं, दोर गुंडाळला जायचा आणि चिरा वर यायचा.

जवळ जाऊन बघितलं की भिंतीतून जागोजागी दगडांची टोकं बाहेर आलेली दिसतात. ही सजावट नाही. परांची टेकवायला ती ठेवली होती, आणि काम संपल्यावर कुणी छाटत बसलं नाही. पुढच्या दुरुस्तीलाही ती कामी आली असणार. काही चिऱ्यांवर रोमन अक्षरं आणि आकडे कोरलेले आहेत. त्यांचा अर्थ ‘डावी दर्शनी बाजू, तिसरा’ असा काहीसा. खाणीतच चिऱ्याला पत्ता देऊन टाकायचा, म्हणजे वर चढवल्यावर गोंधळ नको. या खुणांच्या शेजारी दुसऱ्या खुणा आहेत : हातोडा, गुण्या, नावं, साल. त्या शेकडो वर्षांनंतरच्या. फ्रान्सभर फिरून काम शिकणारे पाथरवट अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इथे मुद्दाम येत आणि आपलं नाव कोरून जात. शिकायला आलेल्या कारागिरानं इथे हजेरी लावलीच पाहिजे, असा दंडक होता जणू.

पूल प्रवाहाच्या वरच्या अंगाला किंचित वाकलेला आहे. धरणाची भिंत जशी पाण्याकडे फुगीर बांधतात, तसं रोमनांनी पुराला तोंड द्यायला हे मुद्दाम केलं असावं, असं फार काळ मानलं जायचं. १९८९ मध्ये पुलाची बारीक मोजणी झाली आणि वेगळंच कारण पुढे आलं. दिवसा उन्हानं दगड प्रसरण पावतो, रात्री आकुंचतो. रोजची ही हालचाल सुमारे पाच मिलिमीटर. दोन हजार वर्षं रोज होत राहिल्यानं पूल वाकला. पुराचं म्हणाल, तर १९५८ मध्ये गार्दोंला असा पूर आला की पुलाचा खालचा मजला पूर्ण पाण्यात गेला. आसपासचे इतर पूल वाहून गेले. हा जागच्या जागी राहिला.

आंरी पितो आणि तुमचं विमान

खालच्या मजल्याला चिकटून एक रुंद रस्त्याचा पूल आहे. तो रोमन नाही. मध्ययुगात पाणी थांबल्यावर लोक कालवापुलावरूनच ये-जा करायला लागले. मग सतराव्या शतकात एका सरदारानं, रोहांच्या ड्यूकनं, तोफा नेता याव्यात म्हणून दुसऱ्या मजल्याच्या खांबांची एक बाजू तासून काढली. जाडीचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला, तरी पूल पडला नाही, पण धोका वाढला. शेवटी १७४३ ते १७४७ मध्ये आंरी पितो या अभियंत्यानं शेजारी स्वतंत्र रस्ता बांधला आणि जुन्या खांबांवरचा भार उतरवला.

हा पितो म्हणजे पिटो ट्यूबवाला पितो. जन्म १६९५, गाव आरामों, इथून जवळच. १७३२ मध्ये त्यानं पॅरिसमध्ये सेन नदीच्या प्रवाहाचा वेग मोजायला एक साधी नळी तयार केली. काटकोनात वाकवलेली नळी प्रवाहाच्या तोंडाशी धरायची. वाहतं पाणी तोंडातून आत घुसतं, पण पुढे वाट नसल्यानं थांबतं, आणि थांबताना वेगाचं रूपांतर दाबात होतं. त्या दाबानं नळीत पाणी वर चढतं. जितकं जास्त चढेल तितका प्रवाह वेगवान. पुढे हीच नळी विमानांवर बसली. पाण्याऐवजी हवा, बाकी तत्त्व तेच. विमानाच्या नाकापाशी पुढे तोंड करून बसवलेली छोटी नळी समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेते. स्थिर हवेच्या दाबाशी त्याची तुलना होते आणि फरकावरून वैमानिकाला हवेतला वेग कळतो. मुंबईहून पॅरिसला येणाऱ्या आमच्या विमानाचा वेग या माणसाच्या युक्तीनं मोजला जात होता, आणि आम्ही उभे होतो ते त्यानं बांधलेल्या रस्त्यावर.

पाणी थांबलं कसं

एवढं बांधकाम कोसळलं नाही, कुणी पाडलंही नाही. मग पाणी का थांबलं? उत्तर त्या झऱ्यातच आहे. पाणी चुनखडीच्या खडकातून येतं, त्यामुळे जड. वाहता वाहता त्यातला कॅल्शियम कार्बोनेट नळीच्या भिंतींवर बसत जातो. बादलीला आणि गीझरला धरणारा पांढरा थर तोच. साफसफाई होत होती तोवर ठीक चाललं. चौथ्या शतकानंतर रोमन सत्ता खिळखिळी झाली, देखभालीला कुणी वाली उरला नाही, छतातून झाडांची मुळं आत आली आणि थर वाढत गेला. काही ठिकाणी दोन्ही भिंतींवर तो पन्नास सेंटिमीटरपर्यंत चढला. १.२ मीटर रुंदीच्या नळीत मधे जेमतेम वीतभर जागा उरली.

हा थर दगडासारखाच कडक. पाणी बंद पडल्यावर लोकांनी त्याच्या लाद्या काढल्या आणि आसपासच्या चर्चमध्ये, घरांत वापरल्या. म्हणजे कालवा आधी पाण्यानं बुजला, आणि मग त्या पाण्यातून झालेल्या दगडानं लोकांनी भिंती बांधल्या. आज अभ्यासकांना त्या थरांच्या रेघांतून कालव्याचा इतिहास वाचता येतो.

कुंड

पाण्याची वाट संपते ती नीममध्ये. झऱ्यापासून तिथे पोचायला पाण्याला चोवीस ते तीस तास लागत. माणूस रमतगमत चालला तरी पाण्याच्या पुढे जाईल. रोज सुमारे ४० हजार घनमीटर, म्हणजे चार कोटी लिटर पाणी शहरात येई.

गंमत अशी की नीमला पाण्याची टंचाई नव्हती. शहरात स्वतःचा पवित्र झरा होता, नेमाउसुस या देवाचा, आणि त्याच देवाच्या नावावरून शहराला नाव मिळालेलं. नवं पाणी हवं होतं ते स्नानगृहांना, कारंज्यांना, श्रीमंतांच्या घरांना. आणि रोमन शहर म्हणवून घ्यायचं तर कालवा हवाच. पूर्वी हा कालवा सम्राट ऑगस्टसचा जावई अग्रिप्पा यानं बांधला असं समजत. अलीकडच्या उत्खननांत सापडलेल्या नाण्यांवरून आणि भांड्यांवरून तो त्यानंतरचा, इसवी सन ४० ते ६० च्या सुमाराचा ठरला.

शहरातल्या चढावर, घरांच्या मधोमध, रस्त्यालगत एक गोल दगडी कुंड आहे. १८४४ मध्ये ते सापडलं. व्यास साडेपाच मीटरच्या आसपास. एका बाजूनं चौकोनी तोंड, तिथून पाणी आत यायचं. समोरच्या काठाला ओळीनं दहा गोल भोकं, प्रत्येकात शिशाचा नळ. त्या दहा नळांतून पाणी शहराच्या वेगवेगळ्या भागांत जायचं. तळाला आणखी तीन भोकं, कुंड रिकामं करून धुवायला. बस्स, एवढंच. ५० किलोमीटरचा प्रवास, नदीवरचा तो पूल, आठ हजार वेळा मांडलेलं बाक, सगळं या दहा भोकांसाठी. काकांनी ती दोनदा मोजली.

तिथून दहा-पंधरा मिनिटांवर मेझों कारे हे रोमन मंदिर आहे. युनेस्कोनं २०२३ मध्ये त्याला जागतिक वारसा यादीत घेतलं (पों द्यु गार १९८५ पासूनच यादीत आहे). त्याच्या दर्शनी भागावर एकेकाळी ब्राँझची अक्षरं बसवली होती. ती कधीच काढून नेलेली. उरली फक्त खिळ्यांची भोकं. १७५८ मध्ये नीममधल्याच जाँ-फ्राँस्वा सेगिए या विद्वानानं भोकांची नक्कल काढली आणि कुठल्या अक्षराला कुठे खिळे लागतील याचा विचार करत पूर्ण लेख लावला. मंदिर ऑगस्टसचे दत्तक पुत्र गायस आणि लुसियस यांना अर्पण केलेलं होतं. अक्षरं नाहीत, फक्त त्यांच्या खिळ्यांच्या जागा, आणि तरीही वाक्य वाचता येतं. जवळचं चोवीस हजार प्रेक्षकांचं रोमन आखाडागृह भव्य आहे, आजही तिथे कार्यक्रम होतात. पण या भोकांपुढे ते मला फिकं वाटलं.

जाणार असाल तर

परदेशातल्या मित्राच्या किंवा मैत्रिणीच्या लग्नाला जायचं ठरलं की आपण बहुतेक तीन चुका करतो. व्हिसाचं काम शेवटी ठेवतो; शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि यजमानांचं आमंत्रणपत्र सोबत असलेलं बरं. लग्न झालं की लगेच पॅरिस किंवा रोम गाठतो. आणि ज्या गावात लग्न होतं तिथल्या लोकांना, ‘इथे जवळ बघण्यासारखं काय आहे?’ हे विचारतच नाही. ते विचारा, आणि दोन दिवस मागे राहा. घरची माणसं अशा जागा सांगतात ज्या प्रवासी कंपनीच्या यादीत नसतात.

उझेसच्या बाजूला गेलात तर तीन ठिकाणं पाण्याच्या क्रमानं बघा : आधी झरा, मग पूल, शेवटी नीमचं कुंड. उलट क्रमानं गेलात तर पूल बघून भारावून जाल आणि बाकीचं विसराल. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन फार असतं. मे, जून किंवा सप्टेंबर बरा. पुलाच्या परिसरातलं संग्रहालय चुकवू नका, कालव्याचं काम कसं झालं ते तिथे नीट समजतं. हंगामात मार्गदर्शकाबरोबर वरच्या नळीतून चालताही येतं. आणि नीमच्या त्या कुंडाला तिकीट नाही, ते रस्त्यावरूनच दिसतं. बहुतेक पर्यटक आखाडागृह बघून परततात, त्या चढाकडे वळत नाहीत. तुम्ही वळा.